मुलं कमी झाली, मग बीडच्या बाईचं ओझं का नाही कमी झालं?

बीड जिल्ह्याचे तीन आकडे आधी पाहू. २०११च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं निघालं. आणि २०१९ साली ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक.

आता चौथा आकडा, राज्याचा. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईला आयुष्यभरात सरासरी १.७ मुलं होतात. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहायची तर हा आकडा साधारण २.१ लागतो: दोन मुलं आईबापांच्या जागी, आणि वरचा दशांश अकाली जाणाऱ्या मुलांचा. देशाची सरासरीही २.०वर आली आहे. म्हणजे ‘हम दो हमारे दो’ची घोषणा आकड्यांपुरती तरी पुरी झाली.

दुष्काळाची गोष्ट निघाली की पारावर, टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य हमखास येतं: मूळ प्रश्न लोकसंख्येचा आहे, ती आवरली की पाणी पुरेल, जमीन पुरेल आणि बायकांचंही भलं होईल. बीडचे आकडे हे वाक्य मान्य करत नाहीत. तिथे कुटुंबं लहान झाली, तरी दुष्काळाचा सगळ्यात मोठा चटका बाईलाच बसतो. असं का, हे समजून घ्यायचं तर मुलं किती झाली हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ती कधी, किती आणि व्हावीत की नाही हे कोण ठरवतं, असं विचारावं लागतं.

आधी लोकसंख्येचं गणित

मुलं दोनपेक्षा कमी होतात, मग लोकसंख्या अजून वाढते कशी? कारण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आता आईबाप होते आहे. प्रत्येक जोडप्याला मुलं कमी, पण जोडपीच जास्त. ही वाढ कोणत्याही कायद्याने थांबत नाही, कारण ही माणसं आधीच जन्मलेली आहेत.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मुलं किती होतात याइतकंच ती केव्हा होतात हेही महत्त्वाचं असतं. आई आणि मुलीत अठरा वर्षांचं अंतर असेल तर साधारण ७५ वर्षांत चार पिढ्या जन्माला येतात. तेच अंतर पंचवीस वर्षांचं असेल तर तीन. दोन्ही घरांत मुलं दोनच, तरी एका घरात पणजी, आजी, आई, मुलगी एकाच वेळी हयात आणि दुसऱ्या घरात एक पिढी कमी. म्हणून लग्न आणि पहिलं मूल पुढे ढकललं की वाढीचा वेग नुसत्या तेवढ्यानेही मंदावतो. सातारा जिल्हा परिषदेने हे २००७ मध्येच ओळखलं होतं. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर ५,००० रुपये आणि तीन वर्षं लांबवला तर ७,५०० अशी योजना तिने काढली. ‘हनिमून पॅकेज’ म्हणून पेपरवाल्यांनी तिची थोडी मजाही केली. पण ‘ऑपरेशन करून घ्या’च्या तुलनेत ही कल्पना खूपच शहाणपणाची होती, असं माझं मत आहे.

अर्थात पाळणा लांबवायचा तर नव्या सुनेला सासूसमोर, नवऱ्यासमोर ‘आत्ता नको’ म्हणता आलं पाहिजे. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या, नववीत शाळा सुटलेल्या, स्वतःच्या नावावर एक गुंठाही नसलेल्या मुलीला ते म्हणता येत नाही. लोकसंख्येचा प्रश्न इथे बाईच्या हक्काला येऊन मिळतो.

कोयता म्हणजे दोन माणसं

आता दुष्काळाकडे वळू. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. या धंद्यात मजुराची मोजणी माणशी होत नाही, कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. पैसे टनावर. एखादा दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, त्याने उचलीचं कर्ज वाढतं, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं.

पाऊस नीट झाला, तूर-कापूस हाती लागला, तर काही घरं गावात थांबतात किंवा उचल कमी घेतात. पाऊस गेला की उचल मोठी लागते. शेतातलं नुकसान भरून काढायला घराकडे दोन शरीरांची मेहनत एवढंच उरतं. यात एक विचित्र वर्तुळही आहे. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात म्हटलं होतं की महाराष्ट्रात ऊस एकूण पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असतो आणि सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या वर्षीही मराठवाड्यात उसाचे फड उभे होतेच. ज्या पिकाने पाणी संपवायला हातभार लावला, तेच पीक तोडायला त्या पाण्याविना उजाड झालेल्या गावांतली माणसं जातात.

आता मुलीचं काय होतं पाहा. आईबाप सहा महिने बाहेर. घरात म्हातारी आजी असली तर ठीक, नसली तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला गावात एकटं ठेवायची भीती. फडावर न्यावं तर कोपीला, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीला, दार नाही, न्हाणीघर नाही, आजूबाजूला अनोळखी माणसं. शिवाय लग्न लावून दिलं की ती दुसऱ्या घरचा अर्धा कोयता होते. तिकडच्या मुलालाही बायको असल्याशिवाय पूर्ण उचल मिळत नाही, म्हणजे दोन्ही घरांची घाई एकाच दिशेने.

इथे एका अभ्यासाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो आपल्या सरळसोट समजुतीला छेद देतो. लुसिया कोर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेस्सांद्रा वोएना या तीन अर्थतज्ज्ञ बायकांनी २०२० मध्ये आफ्रिका आणि भारत यांची तुलना केली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दुष्काळ पडला की मुलींची लग्नं लवकर होतात. भारतात मात्र उलट, दुष्काळात ती थोडी लांबतात. कारण पैशाची दिशा. तिकडे मुलीच्या बापाला पैसा मिळतो, म्हणून टंचाईत घाई होते. आपल्याकडे हुंडा द्यावा लागतो, म्हणून टंचाईत बाप म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

मग ऊसतोडीच्या पट्ट्यात असं का नाही? माझा अंदाज असा की तिथे कोयत्याने गणितच उलटवलं आहे. सून आली की उचल येते. हुंडा कितीही असो, तिच्या अंगमेहनतीला त्याच हंगामात रोख किंमत आहे. म्हणजे दुष्काळ स्वतःहून बालविवाह घडवत नाही. दुष्काळ आणि मुलीचं लग्न यांच्यामध्ये बाजार, रूढी आणि उचलीची पद्धत उभी असते, आणि परिणाम कोणत्या बाजूला जाईल ते तिथे ठरतं. हवामान बदलाविषयी बोलताना आपण हा मधला टप्पा गाळतो आणि आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतो.

गर्भपिशवीची गोष्ट

सोळा-सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत पहिलं मूल, बाविशी-तेविशीत दुसरं-तिसरं आणि लगेच नसबंदीचं ऑपरेशन, तेही बाईचंच. सरकारी कागदावर हे कुटुंब यशस्वी लाभार्थी. मग ही बाई पहाटे चारला फडात उतरते. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. दवाखान्यात गेलं तर खाडा. हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी डॉक्टरकडे गेलं की सोनोग्राफी होते, कॅन्सरची भीती दाखवली जाते, आणि शेवटी ‘पिशवी काढून टाका, मुलं झालीत, आता तिचं काय काम?’ हा सल्ला. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल. अंडाशयंही काढली असली तर पंचविशी-तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि तरीही मोळी उचलावीच लागते.

प्रकरण गाजल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. त्याचा उपयोग झालाच. पण परवानगीने पाळीच्या दिवशीचा खाडा माफ होत नाही आणि फडावर संडास उभा राहत नाही.

या बाईचं कुटुंब छोटं आहे. तरी दुष्काळासमोर ती पन्नास वर्षांपूर्वीच्या सात मुलांच्या आईपेक्षा फार भक्कम आहे, असं मला म्हणवत नाही. ज्या ताकदीने संकटात तग धरता येतो, ती शिक्षण, तब्येत, हातातले पैसे आणि निर्णयाचा अधिकार यांची बनलेली असते. इथे मुलांची संख्या कमी झाली, पण या चारपैकी एकही गोष्ट तिच्या वाट्याला आली नाही.

संख्येच्या मागे लागलं की काय होतं

हे आपोआप घडलं नाही. १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. त्याच्याही तीस वर्षं आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. कर्वे बोलत होते ते बाईच्या सुखाबद्दल आणि तिच्या इच्छेबद्दल, त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली आणि खटले अंगावर घेतले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, त्यातही बाळंतपणात झिजणाऱ्या बायकांचा विचार होता. ठराव फेटाळला गेला. नंतरच्या सरकारी कार्यक्रमात बाई मागे पडली आणि उद्दिष्ट पुढे आलं.

आणीबाणीत ते टोकाला गेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. पुढे मतपेटीने धडा दिल्यावर एकाही पक्षाने पुरुषाच्या नसबंदीला पुन्हा हात लावला नाही आणि सगळा भार बायकांवर सरकवला. आज देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे, महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या जणींचं. पुरुषांचं प्रमाण देशात ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया दोन्हींत सोपी, बिनधोक आणि लवकर बरी होणारी, हे आपल्याकडे प्रत्येक आशाताईला माहीत असतं. घरातल्या कर्त्या पुरुषाला मात्र ‘कमजोरी येते’ एवढंच माहीत असतं.

सक्तीचे मवाळ प्रकारही चालूच राहिले. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, असा आपला नियम आहे. कुटुंब लहान हवं आणि त्यात मुलगा हवाच, या दोन अटी एकत्र आल्या की मधल्यामध्ये मुलगी कापली जाते. बीडमधलं ८०७ हे त्याचंच उत्तर. २००१ मध्ये तिथे हाच आकडा ८९४ होता. त्या दहा वर्षांत बायकांना मुलं कमी झाली आणि मुली त्याहूनही कमी झाल्या. लोकसंख्येच्या तक्त्यात हे यश दिसतं.

वादळात कोण मेलं

आता थोडं लांब, बांगलादेशात जाऊ. कारण तिथे उलट बाजूने काय करता येतं ते दिसतं.

१९७०च्या नोव्हेंबरमधल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. २९ एप्रिल १९९१च्या वादळात साधारण १ लाख ४० हजार. त्या वादळानंतर गावोगाव फिरून मोजणी झाली, तेव्हा २० ते ४४ या वयोगटात दर हजारी १५ पुरुष आणि ७१ बायका मेल्याचं निघालं. तरुण, धडधाकट वय, आणि फरक जवळजवळ पाचपट.

समुद्राला बाई-पुरुष कळत नाही. फरक जमिनीवरचा होता. इशारा बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीपाशी पोचायचा, घरात नाही. नवरा बाहेर असेल तर त्याच्या परवानगीशिवाय बाई घर सोडायची नाही. निवारा केंद्रात परक्या पुरुषांत रात्र काढायची, वेगळी खोली नाही, संडास नाही. मुलींना पोहायला शिकवलेलं नाही. पाण्यात भिजलेली साडी पायात अडकते, काखेत दोन मुलं असतात. या प्रत्येक कारणामागे कुणीतरी घातलेली बंदी आहे, वाऱ्याचा वेग कुठेच नाही.

२००७ मध्ये सिद्र हे तितकंच भयंकर वादळ आलं, तेव्हा साधारण ३,४०० माणसं गेली. हेही थोडे नव्हेत, पण लाखांवरून हजारांवर येणं ही केवढी मोठी उडी! उपग्रह, बंधारे, काँक्रीटची निवारा केंद्रं यांचा त्यात मोठा वाटा आहेच. त्याबरोबर आणखी गोष्टी घडत होत्या. इशारा देणाऱ्या गावपातळीवरच्या स्वयंसेवकांत बायका घेतल्या जाऊ लागल्या, म्हणजे निरोप उंबऱ्याच्या आत गेला. आज त्या सत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. निवारा केंद्रांत बायकांसाठी वेगळी जागा आणि संडास आले. १९९४ पासून ग्रामीण भागात माध्यमिक शाळेतल्या मुलींना सरसकट विद्यावेतन सुरू झालं, आणि त्याची एक अट अशी की मुलगी अविवाहित राहिली पाहिजे.

आणि कुटुंबनियोजन? १९७०च्या दशकात तिथे बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत, आता दोनच्या थोडी वर. १९७७ मध्ये मतलब नावाच्या भागात निम्म्या गावांत स्थानिक बायका आरोग्यसेविका म्हणून दारोदार जाऊ लागल्या. गोळी, इंजेक्शन, निरोध, तांबी जे हवं ते घरपोच, आणि त्रास झाला तर तीच बाई पंधरवड्याने पुन्हा दारात. बाकीच्या गावांत नेहमीची सरकारी सेवा. वीस वर्षांनी तुलना झाली. सेवा मिळालेल्या गावांत मुलं कमी तर होतीच, पण जास्त जगत होती, आणि बायकांची प्रकृती, त्यांची कमाई, घरची मालमत्ता हेही बरं होतं. सक्ती नव्हती, उद्दिष्टाचा तक्ता नव्हता. पर्याय होते आणि कोणीतरी पुन्हा विचारायला येत होतं.

बांगलादेशाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. तिथे आजही जवळजवळ निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. एक हक्क मिळाला म्हणून बाकीचे मागोमाग येत नाहीत, हे तिथेही दिसतं.

आणि पृथ्वीवरचा भार?

इथे थोडक्यात एक हिशेब. सरासरी भारतीय वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो आणि अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास. बीडच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाचा वाटा तर त्या दोन टनांच्याही खूप खाली. तेव्हा हवामान बिघडलं म्हणून गरीब बाईने मुलं कमी करावीत, हा उपदेश पुण्या-मुंबईच्या एसीत बसून करू नये. तिला गर्भनिरोधक मिळायला हवं ते तिला हवं आहे म्हणून. पाणी, चारा, जळण अशा गावातल्या साधनांवरचा ताण त्याने कमी होईलही, पण तो जोडलाभ.

नाव सातबाऱ्यावर असेल तर

मग तग धरायची ताकद येते कुठून? महाराष्ट्रात तीन जुने प्रयोग आहेत, तिन्ही अर्धवट राहिलेले.

पहिला रोजगार हमीचा. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खणायला बायका हजारोंनी आल्या. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला: मागेल त्याला काम, गावाजवळ, आणि मजुरी थेट बाईच्या हातात. हमीचं काम वेळेवर मिळालं तर उचल घ्यावी लागत नाही. मजुरी महिनोन्‌महिने रखडली तर मुकादम पुन्हा दारात येतो, कारण त्याचे पैसे रोख असतात.

दुसरा जमिनीचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, केंद्राने ते २००५ मध्ये केलं. तरी २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या वहिवाट खात्यांपैकी बायकांकडे १४ टक्केच होती. निंदणी, खुरपणी, वेचणी ती करते, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांपैकी काहीच तिला मागता येत नाही. नवऱ्याने आत्महत्या केली तर ती आधी वारस म्हणून तलाठ्याकडे खेटे घालते, शेतकरी म्हणून नंतर.

तिसरा प्रयोग किल्लारीचा. १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये घरबांधणीच्या निमित्ताने बायकांचे गट उभे करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे एक एकराचं शेती प्रारूप तयार केलं. कुटुंबाच्या रानातला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात, त्यात काय पेरायचं ते ती ठरवणार. बायकांनी सोयाबीन-ऊस सोडून ज्वारी, डाळी, भाज्या लावल्या. पाणी कमी, खर्च कमी, आणि पाऊस दगावला तरी घरात खायला राहतं. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तरीही सगळ्या रानातला एक एकर तिचा आणि बाकीचा निर्णय त्याचा, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मराठवाड्यात दुष्काळ पडला की जिल्ह्याचा टंचाई आराखडा निघतो. टँकर किती, विहिरी किती अधिग्रहित, चारा छावण्या कुठे. त्या आराखड्यात मुलींच्या हंगामी वसतिगृहाची ओळ पहिल्या पानावर असावी, असं मला वाटतं. आईबाप तोडीला गेल्यावर मुलीला राहायला जागा, जेवण आणि शाळा मिळाली तर तिचं लग्न दोन-चार वर्षं टळतं, पहिलं मूल लांबतं आणि दहावीचा कागद हाती येतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याची वसतिगृह योजना आहे. मात्र ट्रॅक्टर दसऱ्यानंतर निघतात. वसतिगृहाची मंजुरी आणि किराणा दिवाळी उलटल्यावर आला, तर तोवर मुलगी फडावर पोचलेली असते.